कान वाहतो, पण दुखत नाही

दुखणारा कान माणसाला त्याच रात्री डॉक्टरकडे नेतो. वाहणारा कान मात्र वर्षानुवर्षे घरातच राहतो. सर्दी झाली की कानातून पाणी येते, चार दिवस कापसाचा बोळा घातला की थांबते, पावसाळ्यात पुन्हा सुरू होते. ‘लहानपणापासून आहे’, ‘आईचाही कान असाच वाहायचा’, ‘दुखत तर नाही ना’ या तीन वाक्यांत विषय संपतो. असे रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञांसमोर येतात तेही अनेकदा भलत्याच कारणाने. पोलीस किंवा सैन्यभरतीच्या तपासणीत पडद्याला छिद्र निघाले म्हणून, मुलीचे लग्न ठरते आहे म्हणून, नाहीतर शाळेतल्या बाईंनी ‘याला नीट ऐकू येत नाही’ असा निरोप पाठवला म्हणून.

आपल्याकडे याला ‘कान फुटणे’ किंवा ‘कान वाहणे’ म्हणतात. वैद्यकीय भाषेत हा मध्यकर्णाचा जुनाट, पू होणारा दाह. पडद्याला कायमचे छिद्र आणि त्यातून वारंवार किंवा सतत येणारा स्राव ही त्याची ओळख. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली या आजाराचा आढावा घेतला तेव्हा जगात ६.५ कोटी ते ३३ कोटी लोकांचे कान वाहत असावेत आणि त्यांतील सुमारे ६० टक्के लोकांच्या ऐकण्यावर ठळक परिणाम झाला असावा, असा अंदाज दिला होता. हा आजार सर्वाधिक असलेल्या देशांच्या गटात भारताचे नाव होते. हा बहिरेपणा बहुतांशी टाळता येणारा आहे आणि बराचसा शस्त्रक्रियेने सुधारता येणाराही आहे. तरीही अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात तो इतका का टिकून आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

एक पडदा आणि तीन हाडे

कानाचा पडदा साधारण एक सेंटीमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ असतो. त्याच्या आत हवेने भरलेली लहानशी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचे. तिचा तळ आंतरकर्णाच्या खिडकीवर टेकलेला असतो आणि त्या खिडकीपलीकडे द्रव असतो.

ही सगळी रचना कशासाठी? विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरून मारलेली हाक ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आदळून जवळजवळ सगळाच परत फिरतो. आंतरकर्णातही द्रव आहे. त्यामुळे हवेतला आवाज थेट तिथे पोचला तर त्याची तीच गत होईल. पडदा आणि हाडे ही अडचण सोडवतात. पडद्याचा कंप पावणारा भाग रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठा असतो. मोठ्या पडद्यावर पडलेला दाब छोट्या तळावर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडते आणि दाब सुमारे २२ पट होतो. एवढ्या जोरावर आवाज द्रवात शिरतो.

पडद्याला छिद्र पडले की हे गणित बिघडते. छिद्र किती मोठे आणि कुठे आहे यावर ३० ते ४० डेसिबलपर्यंत ऐकू येणे कमी होऊ शकते. पुवामुळे हाडांची साखळी तुटली तर तोटा ५० ते ६० डेसिबलपर्यंत जातो. आपले नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे ३५-४० डेसिबलचा तोटा असलेल्या मुलाला बोलणे ऐकू येते, पण पुसट. समोर उभे राहून बोलले तर समजते, फळ्याकडे तोंड करून बोलले तर निसटते. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गोंधळ होतो, कारण ‘स’सारखे हलके आवाज आधी हरवतात. असा मुलगा बहिरा वाटत नाही. तो ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘अभ्यासात कच्चा आहे’ असा शिक्का घेऊन मागच्या बाकावर बसतो.

छिद्र पडते कसे?

मध्यकर्णाला नाकाच्या मागच्या भागाशी जोडणारी एक नळी असते. तिच्यातून मध्यकर्णात हवा खेळती राहते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते, त्यामुळे सर्दीतले जंतू सहज कानापर्यंत पोचतात. टॉन्सिल, नाकामागची वाढलेली ग्रंथी, चुलीचा किंवा विडीचा धूर, कुपोषण आणि दाटीवाटीची घरे यांनी त्यात भर पडते. मध्यकर्णात पू साचतो, मूल रात्रभर रडते, पहाटे पडदा फुटून पू बाहेर येतो आणि मूल शांत झोपते. घरच्यांना वाटते, दुखणे गेले. प्रत्यक्षात दाब कमी झाल्याने वेदना थांबलेली असते, आजार तसाच असतो.

यांतली बहुतेक छिद्रे काही आठवड्यांत आपोआप भरतात. ज्यांच्यावर नीट उपचार होत नाहीत, ज्यांना पुन्हा पुन्हा सर्दी होते किंवा ज्यांच्या कानात सतत पाणी जाते, त्यांची छिद्रे कायमची होतात. मग विहीर, शेततळे, नदी किंवा साधी डोक्यावरून केलेली आंघोळही पुरते. पाण्याबरोबर जंतू आत जातात आणि कान पुन्हा वाहू लागतो.

जुनाट वाहणाऱ्या कानात बहुतेक वेळा स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस या जातींचे जंतू सापडतात. स्यूडोमोनास ओलाव्यात वाढणारा आणि चिवट जंतू आहे. सर्दी-खोकल्यासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्यांना तो दाद देत नाही. ‘खूप गोळ्या खाल्ल्या, कान काही थांबला नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हे कारण असते. जगभरातील चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की अशा कानात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील थेंब पोटात घेतलेल्या प्रतिजैविकांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. अट एकच, आधी कान कोरडा पुसून घेतलेला हवा. पुवाच्या थारोळ्यात टाकलेला थेंब आत पोचतच नाही.

कोणता कान धोक्याचा?

वाहणारे कान दोन प्रकारचे असतात आणि हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

पहिल्या प्रकारात छिद्र पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागात असते. सर्दी झाली किंवा पाणी गेले की पातळ, चिकट, बहुधा वास नसलेला स्राव भरपूर येतो, औषधाने थांबतो. याला ‘सुरक्षित’ प्रकार म्हणतात. सुरक्षित याचा अर्थ एवढाच, की जिवाला सहसा धोका नाही. ऐकण्याचे नुकसान मात्र होतच राहते.

दुसऱ्या प्रकारात पडद्याची वरची किंवा मागची बाजू आत खेचली जाऊन खिसा तयार होतो. त्या खिशात कातडीच्या मृत पेशींचे थर साचत जातात. याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण तो आजूबाजूचे हाड खात पुढे सरकतो. स्राव अगदी थोडा असतो, पण त्याला घाण वास येतो आणि कधी कधी रक्त दिसते. कानाच्या वर मेंदू आहे, मागे मोठी रक्तवाहिनी आहे, मधून चेहऱ्याची नस जाते आणि आत तोल सांभाळणारा अवयव आहे. हाड खाल्ले गेले की यांपैकी काहीही धोक्यात येते. कानामागे गळू होणे, एका बाजूचा चेहरा वाकडा होणे, चक्कर येणे, मेंदूज्वर आणि मेंदूत पू होणे ही या आजाराची टोके आहेत.

म्हणूनच जास्त वाहणारा कान तेवढा घाबरवतो आणि कमी वाहणारा, वास येणारा कान दुर्लक्षित राहतो, हा उलटा हिशेब आहे. अशा कानाला औषधाने तात्पुरता आराम पडतो, बरा तो शस्त्रक्रियेनेच होतो. तिथे पहिले उद्दिष्ट आजार मुळापासून काढून कान सुरक्षित करणे हे असते. ऐकू येणे सुधारणे त्यानंतर, जमले तर त्याच वेळी.

जीव वाचवण्यापासून ऐकू येण्यापर्यंत

कानामागचे हाड उघडून पू काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीतील हाले येथील हेर्मान श्वार्ट्झे यांनी १८७३ साली पद्धतशीरपणे मांडली. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. रुग्ण जगला, कान वाहायचा थांबला, एवढे पुरे होते. ऐकू येईल का, हा प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती.

चित्र बदलले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. पेनिसिलिन हाती आले आणि १९५३ साली झाइस कंपनीने शस्त्रक्रियेसाठी खास सूक्ष्मदर्शक बाजारात आणला. त्याच सुमारास होर्स्ट वुल्स्टाइन आणि फ्रिट्झ झॉल्नर या दोन जर्मन शल्यचिकित्सकांनी पडदा आणि हाडांची साखळी पुन्हा उभी करण्याची पद्धत मांडली. तिला टिंपॅनोप्लास्टी म्हणतात. सुरुवातीला पडद्याच्या जागी कातडीचा तुकडा लावत. तो पुढे गळायचा, सुजायचा. १९६०च्या आसपास कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ, पांढरे आवरण वापरायला सुरुवात झाली आणि ते आजतागायत टिकले आहे. हे आवरण त्याच जखमेतून मिळते, स्वतःच्याच शरीराचे असल्याने शरीर ते नाकारत नाही आणि त्याची जाडीही सोयीची असते.

आज ही शस्त्रक्रिया मोठ्या माणसांत बहुतेक वेळा जागा बधिर करून होते. मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. आवरणाचा तुकडा, ज्याला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात, छिद्राच्या आतून बसवला जातो आणि त्याच्या आधाराने पडद्याची कातडी त्यावरून वाढत जाते. तुकडा तिथे रुजला की ‘पडदा लागला’ असे म्हणतात.

संशोधन कोणते प्रश्न विचारते?

पडदा लावता येतो हे आता सिद्ध करायचे राहिलेले नाही. संशोधन चालते ते त्यापुढच्या प्रश्नांवर. जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट या दोन ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक प्रबंध लिहावा लागतो आणि ग्रामीण भागातील कान-नाक-घसा विभागांत वाहता कान हा त्यासाठी नेहमीचा विषय असतो. रुग्ण भरपूर असतात, शस्त्रक्रिया नियमित होतात आणि निकाल मोजता येतो. अशा अभ्यासाला आधी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, रुग्णाची लेखी संमती लागते. उपचारांची तुलना करणाऱ्या चाचण्यांची नोंद २००७ साली सुरू झालेल्या देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत केली जाते.

मोजमाप दोन गोष्टींचे होते. पहिली, तीन ते सहा महिन्यांनी पडदा अखंड आहे का? दुसरी, ऐकू येणे किती सुधारले? त्यासाठी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर श्रवणचाचणी करतात. हवेतून आलेला आवाज आणि हाडाला टेकवलेल्या यंत्रातून आलेला आवाज यांतली तफावत किती कमी झाली, ते डेसिबलमध्ये पाहतात. पडदा लागला म्हणजे ऐकू आलेच, असे नसते. आतली हाडे खराब असतील तर अखंड पडद्यामागेही बहिरेपणा राहतो. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे पाहावे लागतात.

गेल्या काही दशकांत अशा अभ्यासांतून काही उपयुक्त उत्तरे मिळाली आहेत.

कान कोरडा असेल तरच शस्त्रक्रिया करावी, हा जुना दंडक होता. सुरक्षित प्रकारात थोडा चिकट स्राव असताना केलेल्या शस्त्रक्रियांचे निकाल अनेक अभ्यासांत कोरड्या कानाच्या जवळपास आले आहेत. दाट, दुर्गंधी पू असेल तर अर्थातच आधी उपचार हवेत. ज्यांचा कान कधीच पूर्ण कोरडा होत नाही, त्यांच्यासाठी हे उत्तर फार मोलाचे आहे. ‘आधी कान कोरडा करून या’ असे सांगून परत पाठवलेला रुग्ण पुन्हा येईलच, याची खात्री नसते.

दुसरा प्रश्न, स्नायूवरचे आवरण चांगले की कानाची कूर्चा? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात कूर्चा लावलेल्या शंभरात सुमारे ९२ जणांचा, तर आवरण लावलेल्या शंभरात सुमारे ८२ जणांचा पडदा लागल्याचे दिसले. जाड कूर्चेमुळे ऐकू येणे कमी सुधारेल अशी भीती होती. त्या बाबतीत दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. मोठे छिद्र, पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा नळी नीट काम करत नसलेला कान असेल तर कूर्चेकडे कल वाढला आहे.

तिसरा, दुर्बीण की सूक्ष्मदर्शक? दुर्बिणीने कानाच्या छिद्रातूनच काम करता येते, कानामागे मोठा छेद टळतो आणि दुखणे कमी राहते. पडदा लागण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच आहे. मात्र दुर्बीण एका हातात धरावी लागत असल्याने शल्यचिकित्सकाला एकाच हाताने काम करावे लागते, ही तिची अडचण.

चौथा प्रश्न, सुरक्षित प्रकारात पडद्याबरोबर कानामागचे हाडही उघडावे का? सरसकट तसे करण्याचा ठोस जादा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. म्हणजे रुग्णाची एक जास्तीची शस्त्रक्रिया टाळता येते. धूम्रपान करणाऱ्यांत पडदा न लागण्याचे प्रमाण जास्त असते, हेही अनेक ठिकाणी आढळले आहे.

आकडेवारीतून निसटणारा रुग्ण

या अभ्यासांना एक मोठी मर्यादा आहे आणि ती ग्रामीण महाराष्ट्रात जास्त जाणवते. समजा, ६० जणांची शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी ४५ जण तपासणीला आले आणि त्यांतील ४१ जणांचा पडदा लागलेला होता. हिशेब आलेल्यांवर केला तर यश ९१ टक्के. पण शस्त्रक्रिया झालेल्या सगळ्यांत खात्रीने यश मिळाले ते ६८ टक्क्यांना. उरलेल्या १५ जणांचे काय झाले? बरे झाले म्हणून आले नाहीत, की पुन्हा कान वाहू लागला म्हणून निराश होऊन दुसरीकडे गेले? चांगला अभ्यास हे १५ जण लपवत नाही, त्यांची संख्या स्पष्ट लिहितो. वाचणाऱ्यानेही यशाच्या टक्केवारीआधी हा आकडा शोधावा.

हे १५ जण कोण असतात, याचा अंदाज जिल्ह्याचा नकाशा पाहिला तरी येतो. १४ तालुके आणि १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसारा असलेला हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेला प्रवरेच्या काठी पाणी, ऊस आणि साखर कारखाने. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा कोरडवाहू पट्टा. तिथून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल फेडत पाच-सहा महिने कोयता चालवतात आणि उन्हाळ्यात परततात. सोबत लहान मुलेही असतात. कोपीत राहणे, पहाटेच्या थंडीत फडावर जाणे, उघड्यावर आंघोळ, रोजचा धूर. कान वाहायला लागणारी सगळी कारणे एकत्र, आणि दाखवायला ओळखीचा दवाखाना नाही.

अशा माणसाला डिसेंबरात शस्त्रक्रियेची तारीख देणे म्हणजे न देण्यासारखेच. त्या दिवसांत एक आठवडा काम बुडाले तरी उचल अंगावर राहते. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवडे कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नसतो, ओझे उचलायचे नसते, जोराने नाक शिंकरायचे नसते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडी भरणाऱ्याला हे पाळता येत नाही. पण हाच रुग्ण एप्रिल-मे महिन्यांत घेतला तर जखम भरायला वेळ मिळतो, तीन महिन्यांची श्रवणचाचणी ऑगस्टपर्यंत होते आणि दसऱ्याला तो कोरडा कान घेऊन फडावर जाऊ शकतो. यासाठी नवे यंत्र लागत नाही. केसपेपरवर रुग्णाचा कामधंदा आणि गावाबाहेर असण्याचे महिने लिहिले आणि प्रतीक्षायादी त्याप्रमाणे लावली, तर यश वाढू शकते.

सोय कुठे आहे?

राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात श्रवणतपासणीची सोय, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर आणि आशा सेविकांचे प्रशिक्षण ही त्याची अंगे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. वाहता कान आणि कमी ऐकू येणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचाही समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावे.

पहिली चाचणी मात्र याहून साधी आहे. ५१२ कंपनांचा एक नादकाटा प्राथमिक आरोग्य केंद्रातही असू शकतो. तो कानासमोर आणि कानामागच्या हाडावर धरून, बहिरेपणा पडदा-हाडांचा आहे की आतल्या नसेचा, हे दोन मिनिटांत बऱ्यापैकी ओळखता येते. हाइनरिश रिने यांनी ही पद्धत १८५५ साली सांगितली आणि ती आजही तेवढीच उपयोगी आहे.

हा फरक महत्त्वाचा, कारण सगळा बहिरेपणा पडदा लावून जात नाही. नसेचा बहिरेपणा वय, सततचा मोठा आवाज, काही औषधे किंवा जन्मजात कारणांनी येतो. त्यासाठी श्रवणयंत्र लागते. जन्मतः अजिबात ऐकू न येणाऱ्या बाळाला श्रवणयंत्रानेही फायदा होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करतात आणि तो पहिल्या काही वर्षांतच व्हायला हवा. वय वाढले की भाषा शिकण्याची मेंदूची तयारी कमी होत जाते. केंद्र सरकारच्या योजनेत यासाठी आर्थिक मदत मिळते. मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेतून या योजनेचे काम चालते. वाहणारा कान आणि न बोलणारे बाळ या दोन वेगळ्या वाटा आहेत. दोन्हींत उशीर महाग पडतो, पण दुसऱ्या वाटेवर गेलेली वर्षे परत मिळवता येत नाहीत.

घरी काय करावे, काय टाळावे

वाहणाऱ्या कानात तेल घालू नये. कोमट असो, लसणाचे असो की मोहरीचे, छिद्रातून ते थेट मध्यकर्णात जाते. काडी, केसाची पिन, कानकोरणे वापरू नये. बाजारात बसून कान साफ करणाऱ्याकडे कान देऊ नये. जुन्या बाटलीतले किंवा शेजाऱ्याने दिलेले थेंब टाकू नयेत. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी काही औषधे पडद्याला छिद्र असताना आतल्या नसेला इजा करू शकतात.

कान कोरडा करण्याची रीत सोपी आहे. स्वच्छ सुती कापडाची किंवा कापसाची वात करून ती हळूच कानात टेकवावी, ओली झाली की बदलावी, कोरडी बाहेर येईपर्यंत हे करावे. दिवसातून तीन-चार वेळा केले तर चालते. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब टाकावेत. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि नंतर काढून टाकावा. तो दिवसभर कोंबून ठेवला तर आत ओल राहते. पडद्याला छिद्र असेपर्यंत विहिरीत, शेततळ्यात पोहायला मनाई.

आणि काही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये. वाहणाऱ्या कानासोबत ताप आणि जोराची डोकेदुखी, उलट्या, चक्कर, कानामागे सूज, चेहरा वाकडा होणे, किंवा वाहणारा कान अचानक बंद होऊन दुखायला लागणे. अशा रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

ज्यांना यांपैकी काहीच होत नाही, फक्त कान वाहतो आणि थांबतो, त्यांनीही वर्षातून एकदा तरी तज्ज्ञाकडून पडदा पाहून घ्यावा. शाळेतल्या शिक्षकांनी आणि आशाताईंनी प्रत्येक घरात दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल. या वर्षात कुणाचा कान वाहिला का? आणि त्याला वास येत होता का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर कान तपासायला पाठवावा. दुसऱ्याचेही ‘हो’ असेल तर त्याच आठवड्यात पाठवावा, उसाचा हंगाम संपेपर्यंत वाट पाहू नये.